ज्वारीतला आरोपी

माझं लग्न ठरलं त्या दिवशी माझ्या वडिलांनी होणाऱ्या जावयावर मुडदा पुरल्याचा आळ घेतला, तोही सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा. (साखरपुडा त्यानंतर झाला.)

नाना एसटीत कंडक्टर होते. उदगीर-देगलूर रस्त्यावर त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर तिकिटं फाडायचं सुटलं आणि हाताला काही काम उरलं नाही, म्हणून मी त्यांना फोनवर खऱ्या गुन्ह्यांचे पॉडकास्ट लावून दिले. चूक माझीच! त्या दिवसापासून जेवणं उरकली की ओसरीवर आम्ही दोघं, मधे पाण्याचा तांब्या आणि तांब्याला टेकवलेला फोन. नुसतं ऐकणं आमच्या रक्तात नव्हतं. आम्ही निकाल द्यायचो.

"ह्याला उतरवा पुढच्या स्टॉपला," नाना निवेदकाबद्दल म्हणायचे. "मुडदा अजून विहिरीतच हाय, आन् हा गाद्या विकून राहिला!"

"नाना, जाहिरात असते ती."

"मग मुडदा काढून विक ना बाबा! ती बाई बघ कालची. आवाज लई झाक, पन खुनी कोन ते पहिल्याच मिनिटाला सांगून टाकती. असं कुठं असतंय का?"

आई आतून ओरडायची, "दिवाबत्तीचा टाइम झाला, आता तरी मुडदे उचला!" ओसरीवरच्या त्या दुपारी आठवल्या की आजही मला एकदम बरं वाटतं. बापलेकीला बोलायला निमित्त लागतं. इतरांकडे देवधर्म असतो, आमच्याकडे खून होते.

अशात बालाजीचं स्थळ आलं. देगलूरचा, बियाण्यांचं दुकान, आईवडील साधे. तो बघायला आला आणि मला आवडला. अगदी मनापासून आवडला. आधीची दोन स्थळं हातची गेली होती, त्यामुळे हे जाऊ नये म्हणून मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडले. पण आवडला म्हणूनच त्याचा संशयही आला. कारण प्रत्येक भागात खुन्याचे शेजारी हेच तर सांगतात, "लई चांगला मुलगा होता हो!"

नानांनी पाहुण्यांना येळवशीला शेतावर बोलावलं. आमच्याकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी राहते, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा होते, मग अंबिल, बाजरीचे उंडे, खीर आणि भज्जी. भज्जी म्हणजे झाडून सगळ्या भाज्या आणि शेंगांचे दाणे बेसनात एकत्र शिजवून केलेली. त्या दिवशी वाटसरूलासुद्धा जेवल्याशिवाय सोडत नाहीत, मग होणाऱ्या जावयाला कोण सोडतंय! आई बालाजीच्या पानावर भज्जीचे डोंगर रचत होती. मी पाहुण्यांसाठी मोठा ब्लूटूथचा स्पीकर आणला होता, त्यावर माझ्या फोनवरून भक्तिगीतं लावली होती. (सून कशी देवभोळी दिसली पाहिजे!)

"हात धुवून येतो," म्हणून बालाजी उठला आणि सदऱ्याखाली काहीतरी दाबून ज्वारीत शिरला. आला, बसला. आईनं वाढलं. पुन्हा उठला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा नानांनी मला ढोसलं.

"सुषे, बघून राहिलीस का? हात किती वेळा धुतंय मानूस?"

"नाना, पुरावा..." माझ्या तोंडून निघून गेलं.

झालं! नाना धोतर खोचून त्याच्या मागावर ज्वारीत घुसले. जाताना मला हुकूम, "तू कोपीमागं थांब, घरच्यांवर नजर ठिव. मी फोन लावतो."

फोन वाजला. मी उचलला, कानाला लावला. कानात चिडीचूप. "हॅलो? नाना, रेंज नाही वाटतं!" म्हणेपर्यंत कोपीतली भक्तिगीतं थांबली आणि त्याच स्पीकरमधून नानांचा आवाज घुमला. त्यांच्या मते ते कुजबुजत होते.

"आरोपी बांधावर बसलाय. खड्डा करून राहिलाय. फोनवर तेलगू बोलतोय. 'एवरू चूडलेदु' म्हनतोय, म्हंजे कुनी पाहिलं न्हाई! सुषे, हा पयला खड्डा न्हाई बरं त्याचा, बाजूला दोन बुजवलेले हायेत! चेहरा बघायला पायजे होतीस, एकदम सराईत!"

मी फोन बंद करायला बटणं दाबली, तर आवाज वाढला! धावत कोपीत गेले. आईच्या हातातून पळी पडली होती. बालाजीची आई उंडा तोंडाजवळ धरून बसली होती, ना खाते ना ठेवते. फक्त बालाजीचे वडील मान डोलवत ऐकत होते.

"आमच्या लेकराला खुनी म्हनता?" ती माउली उभी राहिली. "चला हो, उठा! असल्या घरात सोयरीक न्हाई करायची."

"थांब की," तिचे मालक म्हणाले. "खड्ड्यात काय हाय ते तर कळू दे."

माझे डोळे भरून आले. मिळालेला मुलगा मी माझ्या तोंडानं घालवला होता. तेवढ्यात ज्वारी हलली आणि पुढे बालाजी, मागे नाना, असे दोघं बाहेर आले. नानांच्या हातात मातीनं माखलेली कॅरीबॅग होती. त्यांनी ती सगळ्यांसमोर उघडली.

भज्जी!

"मला भज्जी लहानपनापासून चालत न्हाई," बालाजी खाली मान घालून म्हणाला. "पन न्हाई म्हनावं तर वाढनाऱ्या ह्या नाराज होतील, सोयरीक मोडंल. फोनवर मित्राला विचारलं, त्यानं ही आयडिया दिली."

नानांचा चेहरा इतका पडला की मला त्यांचीच दया आली. मी बालाजीच्या आईचे पाय धरायला वाकले, पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती मुलाकडे बघत होती.

"येळवशीचं अन्न मातीत पुरलास?" तिनं पदर खोचला. "लोकाच्या शेतात बसून, लोकाचं वाढलेलं? मी ह्यांच्यावर कशाला चिडून राहिले मग? बस! बस खाली!"

तिनं त्याला कानाला धरून पंगतीत बसवलं आणि आईला म्हणाली, "वाढा विहीणबाई." विहीणबाई! आईनं दोन्ही हातांनी वाढलं. बालाजी डोळे मिटून एकेक घास गिळत होता. तो माझ्यासाठी भज्जी खात होता हे मला तेव्हा कळलं, आणि मी रडता रडता हसले.

नानांना जाऊन आता दोन येळवशी झाल्या. बालाजी अजून भज्जी खातो, अजून डोळे मिटूनच. दुपारी दुकान बंद करून येतो, आम्ही दोघं एखादा भाग लावतो आणि निवेदकाला नावं ठेवतो. पण नानांसारखा निकाल कुणाला देता येत नाही. आवाज चांगला असला की मला त्यांची फार आठवण येते, वाईट असला की त्याहून जास्त.

आमच्या लग्नात पाठवणीला सगळे रडत होते. नाना मात्र गाडीच्या खिडकीशी वाकले, जावयाला म्हणाले, "बालाजीराव, तवा संशय तुमच्यावर घेतला, चुकलं आमचं. खरा आरोपी आता तुमच्या बाजूला बसून राहिलाय. संभाळा." आणि टॉवेलनं तोंड झाकून मागं वळले. मला हुंदका यायच्या जागी खो खो हसूच आलं! मांडवाच्या दारात, दोन्हीकडच्या वऱ्हाडासमोर, नवरी खिदळत सासरी निघाली.

सासूबाई अजून माझ्याकडे बोट करून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "मला तवाच संशय आला हुता!"