दाराच्या फळीतला स्पीकर

मामीचा फोन आला तेव्हा मी भोसरीच्या कारखान्यात जेवणाचा डबा उघडत होतो. "तुझं मामा गेलं रे... सकाळी चहा घेतला आन् बसल्या जागी मान टाकली." डबा तसाच झाकला आणि येडगावची वाट धरली. नारायणगाव येईपर्यंत एसटीत एकच विचार डोक्यात घोळत होता, की त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली. आता दीड महिना झाला, तो विचार काही जात नाही.

बबनमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. नोकरी कालव्यावर, पाणी सोडायचं आणि बंद करायचं. उरलेल्या वेळात गावातले बिघडलेले रेडिओ उघडून बसायचे. नव्वदच्या सुमाराला लोक व्हॉल्व्हचे जुने रेडिओ भंगारात द्यायला लागले, तेव्हा मामांनी ते गोळा केले आणि त्यांच्या पार्टांमधून एक अँप्लिफायर जुळवला. काचेचे व्हॉल्व्ह तापून लालसर झाले की मामी विचारायची, "आता यावर भाकरी टाकू का?" ताकद म्हणाल तर फार तर चार वॉट. पण त्याला जोडलेला स्पीकर जत्रेतल्या तंबू सिनेमाचा होता, परातीएवढा, हलक्या कागदाचा. तो खोक्यात न घालता मामांनी एका जुन्या दाराच्या फळीला गोल भोक पाडून त्यात बसवला होता आणि ती फळी ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. दिसायला अगदीच गबाळं प्रकरण, पण आवाज गोठ्यापर्यंत स्वच्छ जायचा.

लागायची बहुतेक एकच कॅसेट. आजोबांच्या, म्हणजे मामांच्या वडिलांच्या भजनाची. गळा आजोबांचा, पखवाज मामांचा. दोन अभंगांच्या मध्ये आजोबा खाकरतात आणि हळूच म्हणतात, "बबन, पाणी दे." आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी टेप तिथं आली की मामा हातातलं काम न थांबवता पुटपुटायचे, "आणतो."

पुढे मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, नोकरीला लागलो आणि शहाणा झालो. पहिल्या दिवाळीला पुण्याहून दोन स्पीकर घेऊन गेलो, काळे, देखणे, उचलताना हात भरून येतील असे वजनदार. त्यांच्या मागे आठ ओहम लिहिलेलं, मामांच्या अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरवरही आठ. जुळलं, म्हटलं, विषय संपला. एका वॉटला कुठला स्पीकर किती बोलतो, हे बघायचं माझ्या मनातही आलं नाही. जुना स्पीकर काढून नवे जोडले, तर आवाज बारीक आला. बटण पुढे नेलं तर फाटायला लागला. मी म्हणालो, "नवे आहेत, घट्ट असतात. महिनाभरात सुटतील." मामा जवळ जाऊन कान लावून बसले, तेव्हा मला चेष्टा सुचली. "मामा, स्पीकर चांगलेच आहेत, तुम्ही एकदा कान तपासून घ्या."

मामा हसले. ते वाक्य मी तिथंच विसरलो, त्यांनी मात्र ते खरं धरलं.

वर्षभरात त्यांनी भजनाला जाणं सोडलं. पखवाज खोळीत गेला. मंडळी बोलवायला आली की म्हणायचे, "आता ऐकू येत न्हाई राव, ताल चुकला तर लोकं हसत्याल." मामी त्यांना सांगायची, "अवं, मला बी टेप बारीकच येती." त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं, "तू तरी कुठं तरणी ऱ्हायलीस?"

माझी चूक मला बऱ्याच वर्षांनी कळली, तीही कारखान्यात स्पीकर तपासायचं काम अंगावर आलं तेव्हा. मी नेलेले स्पीकर पन्नास वॉट खाणारे होते, चार वॉटांवर ते नुसते कुजबुजत होते. तंबूतला तो कागदी स्पीकर तेवढ्याच वॉटात कितीतरी मोठ्यानं बोलायचा. मामांचे कान ठीक होते. त्या दिवाळीला हेच सांगायचं ठरवून गेलो. ओसरीवर दोन पाहुणे बसलेले. मामा त्यांना सांगत होते, "भाच्यानं आणल्यात, पुण्याचं हायेत. इंजिनेर हाय आमचा. माझंच कान गेलं, न्हाईतर काय आवाज आसंल..."

माझी जीभ उचलली नाही. पाहुणे गेल्यावरही उचलली नाही. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं, आणि अशा तीन खेपा गेल्या. इतका भित्रा मी असेन असं मला वाटलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर मामीला जुन्या स्पीकरचं विचारलं. तो माळ्यावर पोत्यात निघाला. दाराची फळी मामांनी खुराड्याला लावली होती, त्या गोल भोकातून कोंबड्या आतबाहेर करत होत्या. फळी काढून धुतली. उंदरांनी कुरतडलेल्या कागदाला खळ लावून पातळ कापड चिकटवलं, सुकू दिलं, आणि दुपारी अँप्लिफायर जोडून कॅसेट लावली.

मामी आत तांदूळ निवडत होती. सूप तसंच ठेवून बाहेर आली.

"येवढा आवाज व्हता व्हय यात?" ती म्हणाली, "मंग त्यांच्या कानाला काय झालं न्हवतं."

"नव्हतं, मामी. चूक माझी होती. मला कळलंही होतं."

मामी एवढंच म्हणाली, "त्यांना सांगायचं व्हतंस रं."

अभंग संपला. आजोबा खाकरले. "बबन, पाणी दे." मग टेपवर पखवाज सुरू झाला, मामांचाच, आणि एकही ताल चुकला नाही.