माफीच्या अटी

माझा नवरा हायवेच्या कामावर पोकलेन चालवायला शिकला आणि पुढे आफ्रिकेतल्या एका लहान देशात रस्ते बांधणाऱ्या कंपनीत गेला. त्या देशाचं सरकार कर्जात बुडालं. कंपनीची बिलं अडकली आणि याचा चार महिन्यांचा पगार थकला. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. दर शुक्रवारी फोन यायचा, त्यात एवढं कळायचं.

मी महाडच्या कोर्टाबाहेर टायपिंग करते. एका दुपारी एका वकिलांनी मोबाईलवर बातमी दाखवली : श्रीमंत देशांनी त्या देशाचं कर्ज माफ केलं. मी लगेच वरंधला सासूबाईंना फोन लावला.

"समदं माफ?"

"बरंचसं."

"मग देतील आता पगार. तू उगाच घाबरत व्हतीस गो."

मी पेढे आणले. शेजारी बसणाऱ्या स्टॅम्पवाल्याने एक तोंडात टाकला. "ताई, माफ करणाऱ्यांनी बदल्यात काय मागितलंय, वाचलंत?"

दिवसभर मी दुसऱ्यांच्या अटी टाइप करते, आणि ही बातमी मथळ्यापुरतीच वाचली होती. खाली लिहिलं होतं, सरकारने खर्च आवरायचा, मोठी बांधकामं थांबवायची. रस्ते पहिल्याच ओळीत होते.

त्या शुक्रवारी फोन आला नाही. शनिवारी त्याचा नंबर बंद. रविवारी पोलादपूरला त्याला पाठवणाऱ्या एजंटकडे गेले. तो नजर चुकवत म्हणाला, "कॅम्प बंद झालाय. माणसं कुठं हलवली, मलापण माहीत नाय."

परतताना एसटीत मी महाड येईपर्यंत त्याचा बंद नंबर लावत राहिले.

सोमवारी अनोळखी नंबरवरून त्याचा आवाज आला. "घरी पाठवतायत. पण एक कागद हाय. सही केली तरच पासपोर्ट."

"वाचून दाखवा."

"कंपनीकडून माझं काही येणं नाय, असं हाय."

असल्या कागदावर सही करू नका, हे मी रोज कोणाला तरी सांगते.

"करा सही," मी म्हटलं. "पण पासपोर्ट टेबलावर दिसल्याशिवाय पेन उचलू नका."

"आणि चार महिन्यांचा पगार?"

"राहू दे."

फोन कट झाला. दोन दिवसांनी तो मुंबईहून महाडच्या गाडीत बसल्याचं कळलं. तोवर मी एकही कागद टाइप केला नाही.