रीळ उलटं फिरवताना

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. चौथी शिकलेली बाई मी, चारचौघांत तोंड उघडत नाही... म्हणून हे कोणाला सांगितलं नाही. आता थकले. वहीत लिहून ठेवते.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचे हे टुरिंग टॉकीजचं मशीन चालवायचे. तेव्हा तंबू जानेफळला होता, बाजाराच्या मैदानात. खेळ संपला की रिळाचा शेवट वर यायचा. दुपारी ते हाताने उलटं गुंडाळून पुन्हा सुरुवातीवर आणायचं, कुठे फाटलं का ते उजेडात धरून बघायचं — हे काम माझं. खेळ चालू असताना मी बायकांच्या दाराशी, पडद्याकडे पाठ करून बसे. त्यामुळे सगळे पिक्चर मी रिळावरच पाहिले, शेवटाकडून. आधी चिता, मग आजारपण, मग लग्न.

हे हसायचे. "तुह्या पिच्चरात मेलेलं माणूस उठून बसते वं!"

"बरंच आहे की मग," मी म्हणे.

त्या वर्षी यांचा खोकला जाईना. दारावरचे गुलाबभाऊ म्हणाले, "ऑपरेटर साहेब, पिच्चरपेक्षा तुमचाच आवाज मोठा येऊन राह्यला. गाडी जुंपतो, मेहकरच्या दवाखान्यात चाला."

"मंग मशीन काय तुमी चालवसान?"

गुलाबभाऊ माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमी सांगा. तुमचं ऐकतीन ते."

"उद्या सांगते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रीळ गुंडाळत होते. एक तुकडा उजेडात धरला आणि हात थांबला. नखाएवढ्या चित्रात आमची बाज, तंबूच्या बांबूला उभी टेकवलेली. पुढे गुंडाळलं... बाज आडवी, तिच्यावर हे पांघरूण घेऊन पडलेले. मग हे उठून बसलेले. मग उभे — गळ्यात त्यांचा नेहमीचा चौकड्यांचा मफलर, हातात चहाचा कप, हसताहेत.

दोन रात्री डोळा लागला नव्हता; भास म्हणा हवं तर. पण मला इतकं हलकं वाटलं! संध्याकाळी गुलाबभाऊंना म्हटलं, "राहू द्या भाऊ, गाडी नको. बरे होतात ते."

पंधरा दिवसांत हे गेले.

माती देऊन माणसं परतली. कोणीतरी बाज उचलून बांबूला उभी टेकवली. ती बघितली आणि मला ते नखाएवढं चित्र आठवलं.

पुढे सगळी रिळं पुन्हा उजेडात धरली. त्यात यांचं एकही चित्र नव्हतं. गुलाबभाऊ रोज खेळ बघायचे, त्यांनाही हळूच विचारलं. "बाजेचा सीन? नाही वहिनी, असा सीनच नाही त्याच्यात," ते म्हणाले. काऊन विचारता, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

ती चित्रं कुठून आली, ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या दुपारी माझा हात कुठल्या बाजूला फिरत होता, ते मला ठाऊक होतं.