वाऱ्यावर तळलेली चौकोनी करंजी

डॉक्टरांनी माझं तळलेलं बंद केलं त्याला आता वर्ष होऊन गेलं. छातीत कळ आली म्हणून सून घेऊन गेली, तर ते कागद चाळता चाळता म्हणाले, "आजी, कढईपासून लांब राहा." जसं काही कढई चावते. सुनेने ते वाक्य जसंच्या तसं उचललं. त्या दिवसापासून आमच्या गोंदियाजवळच्या फुलचूरच्या घरात भजी बंद, वडे बंद, पुऱ्या बंद. माझी एकटीची बंद केली असती तर चाललं असतं, पण सून न्यायाची आहे. माझ्यासमोर बसून कोणी खाऊ नये म्हणून तिने सगळ्या घराचीच बंद केली. त्यामुळे पाऊस लागला आणि भज्यांची आठवण झाली की सगळं घर माझ्याकडे बघायचं.

कढई मात्र ओट्याच्या कोपऱ्यात होती. सासूबाईंची, लोखंडी, जड, एक कडी ढिली. गंज चढू नये म्हणून मी तिला अधूनमधून तेलाचं बोट फिरवायची. ते बोट नंतर मी कुठं पुसते, हे सुनेने कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मग नागपूरला नोकरीला लागलेली नात पहिल्या पगारातून एअर फ्रायर घेऊन आली. काळा, गोलमटोल, पोटातून एक खण ओढायचा. मला वाटलं, तांदूळ ठेवायचा नवा डबा असेल.

"आजी, खास तुझ्यासाठी. हा तेलाशिवाय तळतो."

"मग कशात तळतो?"

"गरम हवेत."

"गरम हवेत तळलं जात असतं तर मे महिन्यात मी गच्चीवर पुऱ्या लाटून ठेवल्या असत्या. गोंदियाच्या उन्हात माणसं तळून निघतात, पुऱ्यांचं काय घेऊन बसलीस."

नात हसली. सून हसली नाही, कारण ती ओट्याकडे पाहत होती. फ्रायर ठेवायला जागा हवी होती आणि जागा फक्त कढईच्या कोपऱ्यात होती.

"आई, आता हिचं काय काम? परवा भंगारवाला येते, देऊन टाकू."

माझ्या छातीत पुन्हा कळ आली, पण ती डॉक्टरांना सांगण्यासारखी नव्हती. मी म्हटलं, "थांब. आधी तुझा हा डबा काय दिवे लावते ते पाहू. रविवारी माझी नणंद येऊन राहिली दरेकशाहून. तिला खाऊ घाल. ती म्हणाली तळण झालं, तर कढई भंगारात. नाही म्हणाली, तर कढई इथंच राहील आणि पोळ्याला मला करंज्या मिळतील. अन् हे तिला आधी सांगायचं नाही."

सून लगेच कबूल झाली. माझी नणंद वाईट पदार्थाला चांगलं म्हणाली असं कोणाच्याच ऐकिवात नाही. चांगल्याला मात्र पुष्कळदा वाईट म्हणाली आहे. मी निर्धास्त होते. त्या जिभेची धार मला लग्नाच्या पहिल्या पोळ्यापासून ठाऊक होती.

तो पोळा सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी तेव्हा नवी नवरी, दहावी पास, त्यात गृहविज्ञान विषय घेतलेली. त्या पोरीला आज कोणी माझ्यासमोर आणून उभं केलं तर मी आधी तिला पाणी देईन आणि मग पोट धरून हसेन. बोलताना मान अशी वर करायची की समोरच्याला तिच्या नाकपुड्याच दिसाव्यात. आमच्याकडे पोळ्याला करंज्या होतात. सासूबाई लाटायला बसल्या, तर ही बाई उभ्या उभ्या म्हणते, "आई, तुमची पारी जाड होते. आम्हाला शाळेत पातळ लाटायला शिकवलं आहे."

सासूबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. पोळपाट माझ्याकडे सरकवला आणि बाजूला झाल्या. दुसरी एखादी असती तर तिथंच सावध झाली असती. मी खूश झाले. पारी अशी लाटली की तिच्यातून पोळपाटावरचा डाग दिसावा. सारण हात मोकळा सोडून भरलं, सासरी माहेरचं मन दिसायला हवं ना. पहिली करंजी तेलात गेली, फुगली आणि तिने तोंड उघडलं. तिचं बघून बाकीच्यांनीही उघडलं. जरा वेळाने कढईत करंज्या कमी आणि खोबरं, रवा, खसखस असा रस्साच जास्त झाला. मी झाऱ्या हातात धरून गंभीरपणे जाहीर केलं, "तेलच खराब आहे."

तेव्हा दोन वेण्या घालणारी माझी नणंद मागून आली, कढईत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "वैनी, भाजी छान झाली."

बैलांना त्या वर्षी पोळीवर भागवावं लागलं. बैल काही बोलले नाहीत. नणंद मात्र माझ्या मुलाच्या लग्नातसुद्धा वऱ्हाडी मंडळींना बोलवून बोलवून ते सांगत होती.

अशी बाई माझ्या बाजूने उभी राहणार होती. रविवारी मी निवांत खुर्ची टाकून स्वयंपाकघरात बसले.

नात रॅविओली करणार होती. फोनवर बघून शिकलेली, नागपूरच्या खोलीवर मैत्रिणींना करून घातलेली. मी पाहत होते. मैद्याची पारी, आत पनीर-पालकाचं सारण, वरून दुसरी पारी.

"ही तर करंजी होय."

"आजी, ही इटलीची आहे."

"मग चौकोनी कायले कापून राहिली? तिकडे वाटी नसते काय गोल कापायला?"

ती काट्याने कडा दाबत होती. मी विचारलं, "मुरड घालून देऊ?" ती म्हणाली, "नको, अशीच असते." मग तिने त्या सगळ्या उकळत्या पाण्यात सोडल्या. मी खुर्चीतून अर्धी उठले.

"अगं, हे काय?"

"आधी उकडायच्या, मग तळायच्या."

"उकडल्या म्हणजे शिजल्या ना? मग तळायच्या कशाला?"

"कुरकुरीत व्हायला."

"मग उकडल्या कशाला?"

याचं उत्तर फोनमध्येही नव्हतं. तिने त्या निथळल्या, बेसनाच्या पातळ घोळात बुडवल्या आणि चहाबरोबरचे टोस्ट कुटून त्यांच्या भुग्यात घोळवल्या. दुपारच्या चहाला टोस्ट उरले नाहीत, हे मी मनात धरून ठेवलं. खणात ओळीने मांडून झाल्या तेवढ्यात तिचा फोन वाजला. आत्याआजीची, म्हणजे माझ्या नणंदेची, गाडी आली होती आणि ऑटोवाला भलत्याच गल्लीत शिरला होता. नात फोन कानाला लावून रस्त्यावर धावली. सून वर गच्चीवर कपडे काढायला गेलेली. स्वयंपाकघरात मी आणि तो डबा, दोघंच.

खरं सांगायचं तर पाण्याचा गडवा हाताशी होता. चार ओंजळी पाणी शिंपडलं असतं तर त्या करंज्यांची खीर झाली असती आणि कढई वाचली असती. हात गडव्यापर्यंत गेलाही. पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की या डब्याची पूजाच झालेली नाही. पहिल्यांदा चालू होणार, आणि ना हळद ना कुंकू ना फूल. आमच्या घरी शेतातल्या मोटारपंपाची पूजा होते, स्कूटीची होते. सासूबाई तर सणाचं तळण काढण्याआधी कढईलासुद्धा कुंकवाचं बोट लावायच्या. दुश्मन झाला म्हणून काय झालं, आज पहिल्यांदा कामाला बसतो आहे.

मी देवघरातून तबक आणलं. डब्याच्या कपाळावर, म्हणजे जिथं आकडे दिसतात त्याच्या वर, कुंकू लावलं. खण ओढून आत अक्षता टाकल्या, झेंडूच्या पाकळ्या टाकल्या आणि हात जोडले. मनात होतं 'याची फजिती कर' असं म्हणायचं. पण आयुष्यभराची सवय, तोंडातून निघालं, "सगळं सुखरूप होऊ दे." देवाने नेमकं तेवढंच ऐकलं.

खण बंद करून मी पुन्हा खुर्चीत बसले. नात धापा टाकत आली आणि तिने बटण दाबलं. डबा घुरघुरायला लागला. थोड्या वेळाने आतून टिकटिक, टिकटिक आवाज यायला लागला, पत्र्यावर बारीक गारा पडाव्यात तसा.

"आजी, हा आवाज कसला?"

"इटलीचा असेल."

मग वास आला, झेंडू करपल्याचा. त्याच वासात नणंद दारातून आत आली. हातात पिशवी, पिशवीत दरेकशाच्या जंगलातली चारोळी, तोंडावर उन्हाची लाली.

"काय व वैनी, काय जाळून राहिली?"

"मी नाही. तुझी नात तळून राहिली. ये, बस, तुलाच पहिली द्यायची आहे."

डबा थांबला. सूनही खाली आली. नातीने खण ओढला आणि तशीच उभी राहिली. करंज्या छान तांबूस झाल्या होत्या, ते नाकारता यायचं नाही. पण प्रत्येकीला पिवळ्या अक्षता चिकटलेल्या, कुठं कुठं झेंडूची करपलेली पाकळी.

"आजी," नात म्हणाली. पहिल्या पगारातून आणलेली वस्तू होती, तिचा चेहरा पाहून मला जरा वाईट वाटलं. जराच. बाकी मन आत नाचत होतं. वाटलं, संपलं, आता नणंद तोंड उघडते आणि कढई माझी.

नणंद वाकली. तिने खणातल्या अक्षता पाहिल्या. डब्याचं कुंकू पाहिलं. मग सरळ झाली, डोक्यावरून पदर घेतला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. नातीने तिच्या हातावर एक ठेवली. नणंदेने ती आधी कपाळाला लावली.

मी घाईने म्हटलं, "अगं, त्या अक्षता चुकून चिकटल्या, झटकून घे."

"प्रसाद झटकते काय कोणी?"

आणि ती खाऊ लागली. कुर्रकन आवाज आला. स्वच्छ, खरा आवाज, सगळ्यांनी ऐकला. मी तिला वाट दाखवायचा प्रयत्न केला.

"कोरडी लागत असेल ना? तेलाचा थेंब नाही."

"प्रसादाले कोरडं म्हणू नये."

"पारी जाड आहे, नाही?"

"वैनी, पारीचं बोलायले तुले तोंड हाय काय?"

नात फस्सकन हसली. सुनेने मात्र मुद्द्याचं विचारलं. "आत्याबाई, तळण झालं म्हणायचं की नाही?"

"झालं ना व. देवाचं हाय, अन् बेस झालं हाय. आणखी दे एक."

ज्या जिभेने मला जन्मभर सोलून काढलं ती माझ्याच अक्षतांपुढे गप्प बसली होती. मी हरले होते, तर निदान पदार्थ तरी चाखावा म्हणून एक उचलली. माझी कवळी नवीन आहे, भीतभीतच चावली. टोस्टचा भुगा वाजला, त्याच्यामागून भाजलेली अक्षत वाजली. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या तोंडातून कुरकुर असा आवाज निघाला आणि तो माझ्याच कानापर्यंत पोचला. वाईट झाली म्हणायचं मी ठरवलं होतं, पण तोंड भरलेलं होतं, आणि ते रिकामं झालं तेव्हा हात दुसऱ्या करंजीवर होता.

सुनेने माझा तो हात पाहिला. मग कढई उचलली आणि मागच्या दाराकडे निघाली. तोरा नव्हता तिच्यात, हे सांगितलं पाहिजे. "आई, आपलं ठरलं होतं," एवढंच म्हणाली.

"कढई कुठं नेऊन राहिली?" नणंदेने विचारलं.

नातीने तिला सगळं सांगितलं, पैज, भंगारवाला, डॉक्टर. नणंद ऐकत होती. मग उठली, सुनेच्या हातातून कढई घेतली, मांडीवर ठेवली आणि अंगठ्याने ती ढिली कडी हलवून पाहिली.

"अजून ढिलीच हाय. माझ्या मायची कढई होय ही. भंगारवाल्याले कायले देता? मले द्या."

सुनेला काय, ओटा मोकळा झाल्याशी मतलब. मला मात्र राग आला. इतकी वर्षं मी पुसली आणि आता ही नेणार. मी म्हटलं, "ने. तुझ्या एकटीसाठी तळून कोण देणार आहे तिकडे?"

"तू देशील. पोळ्याले ये. दरेकशाले तुया डॉक्टर येत नाही."

"आत्याबाई," सून म्हणाली.

"अव, एखादी खाईन म्हातारी."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठाला अजून टोस्टचा भुगा लागलेला असणार. "एकच," ती म्हणाली. "फोन करून विचारीन मी."

संध्याकाळच्या पॅसेंजरने कढई धानाच्या पोत्यात बसून दरेकशाला गेली. पोचवायला मी स्टेशनवर गेले होते. नणंदेने तिला खिडकीची जागा दिली.

फ्रायर आता कोपऱ्यात बसला आहे. नात नागपूरहून फोन करून सांगते की तिकडे तिच्या मैत्रिणीच्या फ्रायरमध्ये रॅविओली आपल्यासारखी होत नाही. मी विचारते, अक्षता टाकल्या होत्या काय?

पोळ्याला मी दरेकशाला गेले. चुलीवर कढई बसली होती, तेल तापत होतं, सारण तयार होतं. नणंदेने पोळपाट माझ्याकडे सरकवला आणि बाजूला झाली, थेट तिच्या आईसारखी.

"लाट. शाळेत शिकली ना तू."

या खेपेला मी सावध होते. पारी चांगली जाड लाटली, सासूबाईंपेक्षाही जाड. पण त्या सारणात ती जंगलातली चारोळी होती, खोबरं ओलसर भाजलेलं होतं, आणि मला एकच मिळणार होती. एकच मिळणार असेल तर ती भरगच्च नको? मी भरली, दाबून भरली, मुरड घातली आणि तेलात सोडली. ती फुगली. क्षणभर थांबली. मग तिने तोंड उघडलं.

नणंद कढईवर वाकली. मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

"वैनी," ती म्हणाली, "भाजी छान झाली."

मी वाटी पुढे केली. रात्री सुनेचा फोन आला, किती करंज्या खाल्ल्या म्हणून. मी म्हटलं, एकही नाही, नुसत्या भाजीवर भागवलं.