गौरजाचं वजन मागे का पडायचं

रसिका परबला एका उपायावर थांबणं म्हणून माहीत नव्हतं. घरात कुणी नुसतं खोकलं तरी काढा, वाफ, हळदीचं दूध आणि गळ्याला मफलर, सगळं एकदम. खोकला गेला तर कशाने गेला हे कुणालाच कळत नसे, आणि ते विचारायची तिच्या नवऱ्याची, विश्वेशची, छाती नव्हती. बाई मनाने लाख, पण हाताला उसंत नाही.

कुडाळजवळच्या एका हायस्कुलात ती खेळाची शिक्षिका होती. माहेर वेंगुर्ल्याचं. कोल्हापूरला शिकताना वेटलिफ्टिंगचा नाद लागला. पुढे गुडघ्याने दगा दिला आणि स्पर्धा सुटल्या, नाद मात्र सुटला नाही. नोकरीत स्थिरावल्यावर तिने कुठून कुठून एक रॉड आणि रबरी चकत्या मिळवल्या आणि घरापुढच्या खळ्यात संध्याकाळी मुलींना शिकवायला लागली. खळं विश्वेशने नुकतंच सिमेंटचं करून घेतलं होतं, वर पत्रे घातले होते. त्यावर प्लायवूड आणि रबर अंथरलं की झाला प्लॅटफॉर्म. पोरी लोखंड उचलतात म्हणून शेजारणींनी आधी नाकं मुरडली आणि मग एकेकीने आपलीही मुलगी पाठवली.

त्यांतली गौरजा म्हणजे मॅडमच्या गळ्यातला ताईत. बाप सत्यवान शेतकरी, थोडं भात, थोडे काजू. पोर अंगाने भक्कम आणि बोलायला कमी. स्नॅच, म्हणजे जमिनीवरचं वजन एका दमात थेट डोक्यावर घेणं, ती खळ्यात अशी करायची की रसिकाला आपलं तरुणपण आठवून हेवा वाटे. पण स्पर्धेत गेली की तीच गौरजा उचललेलं वजन डोक्यावरून पाठीमागे टाकून द्यायची. तीन वेळा संधी मिळते, तिन्ही वेळा मागे. स्नॅचमध्ये एकही वजन धरलं गेलं नाही की एकूण बेरीजच लागत नाही, पुढच्या प्रकारात कितीही चांगलं उचला. पहिल्या वेळी सगळ्यांनी समजूत घातली. दुसऱ्या वेळी तेच झालं तेव्हा लोकांनी निदान करून टाकलं, पोर घाबरते.

सत्यवान एका संध्याकाळी खळ्याच्या कडेला येऊन उभा राहिला. "मॅडम, तिका चार लोकांत भिया वाटता. ता रडताना माका बघवणा नाय. ह्या खेपेक जमला तर बरा, नायतर आपण थांबूया." माणूस हट्टी नव्हता, दुष्ट तर मुळीच नव्हता, म्हणून त्याच्याशी भांडताही येईना. गौरजा खाली बघून चकत्या पुसत राहिली. आपण भित्र्या आहोत हे तिलाही पटलं होतं, आणि रसिकाच्या जिवाला खरं तेच लागलं.

मग बाईंचा मफलर-काढा सुरू झाला. मोबाइलवर जगभरचे कोच तंत्राचे व्यायाम दाखवत असतात, प्रत्येकाचा रामबाण वेगळा. वजन मागे जातं ना, मग डोक्यावर रॉड धरून उठाबशा काढ. मांडीपासून स्नॅच कर. गुडघ्यापाशी थांबून ओढ. खांद्यावरून वर ढकलून पटकन खाली बस. रोज एक नवीन, आणि जुना एकही कमी नाही. संध्याकाळ व्यायामांतच सरायची, खरी स्नॅच करायच्या वेळेला पोरीचे हात लटपटत असायचे.

गंमत म्हणजे गौरजा हे सगळे व्यायाम बिनचूक करत होती. एकातही वजन मागे जाईना, पाय हलेना. विश्वेश चहाचा कप घेऊन पायरीवर बसून बघायचा आणि खूश व्हायचा. रसिका मात्र दिवसेंदिवस काळजीत पडत गेली. ज्या व्यायामात चूक दिसतच नाही तो चूक सुधारणार कशी? दुखतं कुठे हे न कळता आपण नुसते लेप लावत सुटलो आहोत, हे तिला कळत होतं, आणि कळूनही दुसऱ्या दिवशी ती आणखी एक लेप शोधून काढत होती. मनातून ती हरली होती. पोर खरंच घाबरत असेल तर, असं तिच्याही मनात येऊ लागलं, आणि त्या विचाराची तिला लाज वाटायची.

निवड स्पर्धा तोंडावर आली तेव्हा तिने एक शहाणपण केलं. कुडाळला खेळांचा हॉल सांभाळणाऱ्या ओळखीच्या प्रीतमकडून किल्ली मागून घेतली आणि रविवारी सकाळी गौरजाला घेऊन गेली. बघायला कुणी नाही, पंच नाहीत, माईक नाही. इथेही वजन मागे गेलं तर भीतीचा संबंध नाही, एवढं तरी कळेल. आणि आज व्यायाम एकच करायचा, गुडघ्यापाशी थांबायचा, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

गौरजाने तिथल्या रॉडला चकत्या चढवल्या आणि ती हॉलभर काहीतरी शोधत फिरायला लागली. खुर्च्यांखाली वाकून बघितलं, दारामागे बघितलं.

"काय शोधतंस गो?"

"सोडणां, मॅडम. नायतर रॉड घरंगळतलो मा."

घरी चकत्यांच्या पुढ्यात नारळाची दोन सोडणं सारायची, की रॉड जागेवर राहतो. हे पहिल्या दिवसापासून चालत आलं होतं. चप्पल दाराबाहेर काढतो तितक्या सवयीने मुली ते करायच्या, आणि स्पर्धेत वजनं मांडणारी माणसं वेगळी, त्यामुळे तिथे कधी प्रश्नच आला नव्हता. "आणतंय थांब," म्हणून रसिकाही उठली, आणि उठता उठता तिचं लक्ष रॉडकडे गेलं. कुणी धरलं नव्हतं, काही अडवलं नव्हतं, आणि रॉड जागचा हलला नव्हता.

तिने पायाने तो हळूच ढकलला. थोडा सरकला आणि थांबला. रसिका तिथेच जमिनीवर बसली.

विश्वेशने खळं करताना गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून ढाळ काढून घेतला होता. आपल्याकडे पाऊस असा, की खळ्यात पाणी साठलं तर घरात शिरायला वेळ लागत नाही. आपल्या खळ्यात थेंब थांबत नाही हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. त्या उतारावर पायांची बोटं खाली आणि टाचा वर ठेवून पोर वर्षानुवर्षं उचलत होती. तोल सांभाळायला अंग मागे घ्यायचं शिकली होती, आणि तिथे ते बरोबरच होतं. सपाट जमिनीवर तेच अंग तेवढंच मागे गेलं की वजन पाठीमागे जाणारच. बाकीच्या मुली हलकी वजनं उचलायच्या, त्यांचं खपून जात होतं.

"आता गुडघ्यापाशी थांब," रसिका म्हणाली. गौरजा थांबली, आणि तिच्या बुटांची टोकं जमिनीवरून अलगद वर आली. घरी हाच व्यायाम किती वेळा झाला असेल, टोकं कधी हलली नव्हती. चूक पहिल्यांदा डोळ्यांना दिसली आणि रसिकाला चक्क आनंद झाला.

तिने सगळं समजावून सांगितलं. गौरजाने रॉड खाली ठेवून ऐकून घेतलं आणि आपल्या बुटांच्या टोकांकडे बघितलं.

"म्हणजे मॅडम, मी भियत नव्हतंय?"

"नाय गो बाय. तू कधीच भियत नव्हतंस."

पोर तिथेच तोंड झाकून रडली. रसिकाने तिला रडू दिलं, कारण तिचे स्वतःचे डोळेही काही कोरडे नव्हते.

घरी विश्वेश आधी फुगून बसला. ढाळाला नाव ठेवलेलं त्याला कसं चालेल? पण दुसऱ्या दिवशी तोच पाणसळ घेऊन आला आणि प्लायवूडखाली पट्ट्या सारून सारून त्याने प्लॅटफॉर्म सपाट केला. मोबाइलवरचे सगळे रामबाण बंद झाले. राहिला एक, गुडघ्यापाशी थांबायचा, आणि तोही टोकं जमिनीला टेकलेली राहीपर्यंतच. उरलेला वेळ नुसती स्नॅच. एवढं कमी करायला रसिकाला फार कष्ट पडले. हात शिवशिवायचे, ती ते पदराखाली घट्ट धरून बसायची.

निवड स्पर्धेला सत्यवान मागच्या रांगेत बसला, मान खाली घालून. पहिलं वजन गौरजाने डोक्यावर घेतलं आणि ते तिथेच राहिलं. रसिकाचा जीव भांड्यात पडला. दुसरंही राहिलं. तिसरं तिने कधीच न उचललेलं होतं, ते निसटलं आणि समोर धाडकन पडलं.

गौरजा प्लॅटफॉर्मवरून उतरली ती हसत. "मॅडम, ह्या पुढे पडला."

रसिकाही हसली. वजन पडलं होतं, नुसतं वजन. त्यातून कुणी पोरीचा स्वभाव काढणार नव्हतं. दोन उचलली तेव्हा वाटलं नव्हतं इतकं तिला आता मोकळं वाटलं.

सत्यवान मागून उठून आला. लेकीच्या पाठीवर हात ठेवून त्याने विचारलं, "मगे मॅडम, पुढे पडला तर त्याच्यार काय करूचा?"

रसिकाच्या जिभेवर चार व्यायाम एकदम आले. ते तिने गिळले.

"अजून माका म्हायत नाय. सोमवारी बघूया."

"बरा," सत्यवान म्हणाला. "सोमवारी धाडतंय तिका."