एकच आकडा न देणारे बोरकर सर

बोरकर सरांना 'किती वेळ लागेल?' विचारलं की ते उलट विचारत, "कोणत्या दिवशी?" जेवायला कधी येणार, याचंही उत्तर तसंच. आई वैतागायची. "सायेब, भात कवा टाकू येवढंच इचारलं. लगीन न्हाई लावायचं तुमचं."

सर यवतमाळकडचे. मुळशीत, माले गावी आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत. मी ज्या कंपनीत लागले तिथे तेच माझे वरिष्ठ. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. पण रोज एसटीने कंपनीत पोचेपर्यंतच जीव दमलेला असायचा.

काम असं, की एका मोठ्या प्रोग्रामचे तुकडे करून ते भाड्याच्या अनेक मशीनवर एकदम चालवायचे, आणि सगळं किती वेळात संपेल ते आधी सांगायचं. ही मशीन कुठंतरी लांब, त्यातही एकेक कित्येकांत वाटून दिलेलं. त्याच मशीनवर शेजारी कोण, कळत नाही; त्याचं काम वाढलं की आपलं रेंगाळतं. शनिवारी फार्महाऊसवाले आले की वीज कमी पडून आमच्या विहिरीवरची मोटर रडायची. सर मिणमिणत्या बल्बकडे बोट दाखवत. "पाह्यलं? आपलं काही चुकलं नाही. शेजारी आले."

एका वर्षी नदीकाठच्या गावांना पुराचा इशारा देण्याचा हिशोब आमच्याकडे आला. उशिरा आला तर त्या इशाऱ्याचा उपयोग शून्य. मॅनेजरना गिऱ्हाइकापुढे ठेवायला एकच आकडा हवा होता.

"बोरकर, मशीन डबल, टाइम हाफ. सिंपल आहे."

"पंगत वाढवून काय होते बापा? एक म्हातारा ताटावर असला तं बाकीचे हात वाळवत बसतेत. आपल्या तुकड्यांचंही तसंच."

"म्हातारा राहू द्या. आकडा द्या."

सरांनी प्रोग्राम पुन्हापुन्हा पळवून पाहिला आणि दोन आकडे दिले, चांगल्या दिवसाचा आणि वाईट दिवसाचा. मॅनेजरांनी वाईट दिवसाचा खोडला. सरांनी तो परत लिहिला. थोड्याच दिवसांत त्यांना सांगण्यात आलं, की तुमच्यासाठी आता काम नाही.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "सर, द्यायचा होता एक आकडा. नोकरी तरी राहिली असती."

त्यांनी डोळे मिटले होते. "पूर आपला आकडा वाचून येते काय?"

त्यांचं काम माझ्याकडे आलं. मीही दोनच आकडे लिहिते. अजून तरी चाललंय.

ते निघाले त्या दिवशी जीपमध्ये पिशव्या चढवताना आईने विचारलं, "परत कवा येताय?"

"दिवाळीले," सर म्हणाले. "नक्की."

जीप वळणाआड गेली. आई ओट्यावर टेकली.

"न्हाई यायचे गं ते. येकच दिस सांगितला."