बोट लावल्याशिवाय आकडा नाही

लोहाऱ्याच्या कारखान्यांमधून सरकारसाठी माहिती गोळा करणाऱ्या, आमच्या गल्लीतल्या आकडेवाल्या काकांवर अन्याय झाला तो पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता. साहेबांच्या टेबलासमोर, उभं ठेवून. वेळ पक्की आहे. काकांनी ती डायरीत लिहून ठेवली होती. शिव्या खाऊन आलेला माणूस शिव्यांची वेळ टिपून ठेवतो, यावरून तुम्हाला माणूस कळला असेल.

बोट लावल्याशिवाय काकांचा कशावर विश्वास बसत नसे. दुकानदार म्हणाला डाळ नवी आहे, की पोत्यात बोट. शेजारी म्हणाला रंग वाळला, की भिंतीला बोट. गल्लीत कोणी छातीठोक बोलू लागलं की यांचा प्रश्न ठरलेला, "बोट लावलं काय?"

आकडेवाले म्हटल्यावर नवीन भाडेकरूंचा घोटाळा व्हायचा. एकाने हळूच विचारलं, आज ओपन काय येईल. काकांनी त्याला ओट्यावर बसवून नमुना पाहणी म्हणजे काय ते तासभर समजावलं. काकू सांगतात, त्या दिवसापासून त्याचा मटका सुटला.

माझी त्यांची ओळख पत्रकावरून झाली. आमच्या कामगार संघटनेची पत्रकं मीच काढायचे. एक कारखाना बंद पडला होता आणि मी छापलं होतं, 'हजारो कामगार रस्त्यावर'. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"पोरी, हजारो मोजले काय तू?"

मी म्हणाले, भावना समजून घ्या ना.

"भावना कोणत्या रकान्यात लिहू?"

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते घरोघर फिरले. हजारोंचे शंभराच्या आत आले. मला रडू फुटायचं बाकी होतं. माझं पत्रक मेलं, मी म्हणाले. काका म्हणाले, "आता जितं झालं. आता त्याले कोणी खोटं म्हणून दाखवो." खरंच, कोणी म्हणू शकलं नाही.

पण कारखान्याच्या आतलं काही विचारलं की काका डायरी मिटायचे. ज्याने माहिती दिली त्याला आपण शब्द दिला आहे, एवढंच सांगायचे.

एकदा मी विचारलं, तुमच्या या फॉर्मांचं पुढे होतं काय. त्यांनी रस्ता सांगितला. यवतमाळ, नागपूर, दिल्ली आणि मग पार देशाबाहेर. तिथं सगळ्या देशांचे आकडे समोरासमोर ठेवतात. कोण किती तयार करतो, कोण किती विकतो, कोणाचं पारडं कोणावर जड झालं, कोण बुडायला लागला. "तिथला माणूस लोहाऱ्याले येऊन कुलूप पाहते काय? तो माया बोटाच्या भरवशावर बसून हाये." आणि नमुन्यात आलेला एक कारखाना न आलेल्या कित्येकांच्या वतीनं बोलतो. म्हणून एक खोटं तिथवर पोचेपर्यंत एकटं राहत नाही.

त्या पावसाळ्यात काका नमुन्यातल्या एका कारखान्यावर गेले, तर फाटकाला कुलूप. बोट लावलं, गंज निघाला. तो त्यांनी डायरीच्या पानावर टेकवला आणि फॉर्मवर लिहिलं, बंद.

साहेबांना बंद नको होतं. त्यांना कामकाज वाढतं दाखवायचं होतं. काकांचा फॉर्म गायब झाला. मागच्या वर्षीचा उतरवून, आकडे थोडे फुगवून, दुसरा वर गेला. खाली नाव काकांचं. पुढे वरून तपासणी आली, त्यांना कुलूप दिसलं, आणि साहेबांनी काकांकडे हात केला. हा माणूस घरी बसून आकडे टाकतो.

सव्वाअकराला तो फॉर्म काकांच्या हातात दिला गेला. काकांची एक सवय होती. शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात आपण कुठं बसून माहिती घेतली, तेही ते लिहायचे. उतरवणाऱ्याने तेही उतरवलं होतं. 'फाटकाजवळच्या लिंबाच्या सावलीत.'

"साहेब, लिंब तर उन्हाळ्यातच तोडला," काका म्हणाले. "मी सावलीत बसलो कसा?"

साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका. कंत्राटी माणसाला तेवढं पुरतं.

हे सांगतानाही काकांनी कारखान्याचं नाव घेतलं नाही. मला गरजही नव्हती. त्याच लिंबाखाली आमचं धरणं बसायचं. झाड तोडलं तेव्हा मी तिथंच उभी होते.

मला साहेबांचं नाव मोठ्या टायपात छापायचं होतं. काकांनी अडवलं. "मले सूड नाही पाहिजे. तो फॉर्म दुरुस्त करा म्हणा, बस." आम्ही तीन अर्ज केले. तिन्हींचं उत्तर एकच, माहिती गोपनीय आहे. जी गोपनीयता काकांनी नोकरी जाईपर्यंत पाळली, तीच साहेबांनी पांघरूण म्हणून घेतली.

त्यानंतर काकांनी कशालाच बोट लावलं नाही. काकू म्हणायच्या, "भाजीवाला सडकी देते तरी हे तशीच घेऊन येतेत." माघात काका गेले. डायरी काकूंनी माझ्या हातात दिली. "तूच ठेव वो पोरी. माया घरात ते पान मले पाहवत नाही."

आता अडवायला काका नाहीत. आणि मला सूड पाहिजे. साहेब त्याच खुर्चीत आहेत. फॉर्म तसाच आहे. कुठल्यातरी दूरच्या टेबलावर लोहाऱ्याचं गंजलेलं कुलूप अजून माल काढतंय, आणि त्या खोट्याखाली एका खऱ्या माणसाचं नाव आहे. मला साहेबांना त्या फाटकाशी उभं करायचं आहे, सगळ्यांदेखत कुलपाला बोट लावायला लावायचं आहे, आणि तेच बोट त्यांच्या फॉर्मवर टेकवून घ्यायचं आहे. त्याआधी आपल्याकडे बोटं पाहिजेत. हजारो नकोत. मोजता येतील एवढी.

हळहळून हा कागद खाली ठेवू नका. येत्या सोमवारी सव्वाअकराला लोहाऱ्याला या. लिंबाचा खुंट दिसेल तेच फाटक. न पाहता सही करू नका, तसला एक माणूस खुर्चीत आहेच. कुलपाला बोट लावा, या कागदाच्या तळाशी कोरी जागा सोडली आहे तिथं ते टेकवा, आणि बाजूला आपलं नाव लिहा.